एक अक्षर, एक टिंब

गावात त्यांना कानामात्रा म्हणत, आणि तेही तोंडावर, कारण त्यांना स्वतःलाच ते आवडायचं. चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त होऊन नदीकाठच्या आपल्या गावी परतले, तरी हाताला चैन कुठली? न्हाव्याच्या पाटीवरची वेलांटी त्यांनी सुधारली. बसथांब्यावरचं वेळापत्रक लाल पेनाने सुधारलं. एकदा तर शोकसभेत फळ्यावरचा राहिलेला अनुस्वार खिशातल्या खडूने घातला, गेलेल्या माणसाच्या मुलादेखत. मुलगा आभार मानून मोकळा झाला. दुसरं काय म्हणणार बिचारा?

पण माणूस आळशी नव्हता, हे कबूल करायला हवं. पाट्या सुधारून संपल्यावर कानामात्रा नदीच्या मागे लागले. हा काठ कधी सरकला, पूर कुठवर आला, पूल नव्हता तेव्हा माणसं पलीकडे कशी जायची, सगळं त्यांनी धुंडाळलं. म्हाताऱ्यांना बोलतं केलं, उंदरांनी अर्धी खाल्लेली दप्तरं उलगडली आणि चौदा वर्षांपूर्वी एक पुस्तक काढलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते नदीफेरी काढत. बंद पडलेल्या गिरणीपासून निघायचं, भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघायच्या आणि शेवटी जुन्या उतारावर येऊन थांबायचं. बाहेरगावची माणसं येत, शाळेच्या सहली येत. गावाला आपला इतिहास कळला तो कानामात्रांमुळे, असं सगळेच म्हणायचे. कानामात्रा नको नको म्हणत ते ऐकून घ्यायचे.

उतारावरची गोष्ट ते सगळ्यात शेवटी सांगत, कारण तीच सगळ्यात चांगली वठायची. साठ वर्षांपूर्वी इथे पूल नव्हता. दोन काठांवर दोन खांब, मधे जाडजूड दोर, आणि त्या दोराला धरून चालणारी नाव. पलीकडच्या शाळेतून नऊ मुलं दुपारची परत येत होती. पाणी एकाएकी चढलं. नाव गेली, नऊच्या नऊ मुलं गेली. त्यात नावाड्याचा स्वतःचा मुलगाही होता. नावाडी मात्र खाली दोन मैलांवर जिवंत सापडला.

इथे कानामात्रा थांबायचे. चष्मा काढायचे, पुसायचे. मग हळू आवाजात म्हणायचे, "उतारावरच्या कारकुनाने त्याच संध्याकाळी नोंदवहीत एक वाक्य लिहून ठेवलंय. 'नावाड्याने पोरांची माया सोडली.' बस, एवढंच. पाणी बघून त्या माणसाने स्वतःच्या लेकरासकट सगळ्यांवर पाणी सोडलं आणि उडी टाकली."

बायका पदराने, ओढणीने डोळे टिपायच्या. पुरुष नदीकडे बघत राहायचे. त्याआधी गावात सगळे पुराला दोष द्यायचे. पुस्तक आल्यावर माणसाला द्यायला लागले.

आता शाळेच्या हेडबाईंनी उतारावर एक फलक लावायचं ठरवलं होतं. वर नऊ मुलांची नावं आणि खाली कारकुनाचं ते वाक्य. येत्या रविवारी कानामात्रांच्या हस्ते त्याचं अनावरण होतं. त्यासाठी त्यांनी ठेवणीतला कोट काढला, तर पोटावर बटणं लागेनात. म्हणून सोमवारी सकाळी ते कोट घेऊन शिलाईताईंच्या दुकानात गेले.

शिलाईताई म्हणजे त्या नावाड्याची मुलगी. अपघात झाला तेव्हा सहा वर्षांची होती, आता साठी ओलांडलेली. उतारावरून वर येणाऱ्या गल्लीत तिचं दुकान, एक मशीन, एक मोठं टेबल आणि खुंट्यांवर लोकांचे अर्धवट कपडे. कानामात्रांनी फेरीत कधी नावाड्याचं नाव घेतलं नव्हतं. "त्या बाईंना त्रास नको," असं ते म्हणायचे आणि आपण किती जपतो याचं त्यांना बरं वाटायचं. अख्ख्या गावाला नाव ठाऊक होतं, ही गोष्ट निराळी.

शिलाईताईंनी कोट उलटा केला, अस्तर चाचपलं आणि मान हलवली.

"भाऊ, हा सैल होणार नाही."

"का हो ताई? दोनच इंच पाहिजेत."

"पाहिजेत खरं, पण आत माया कुठंय? शिवणाऱ्याने मायाच सोडलेली नाही. अगदी काठावरून शिवलाय."

"माया?"

"अहो, शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात ना, ती माया. माणूस काय, आज ना उद्या सुटतोच. माया सोडलेली असली की उसवून सैल करता येतं." मग ती जराशी हसली. "जन्मभर शब्द तपासलेत आणि हा नाही माहीत?"

"पोटातली माया ठाऊक आहे. पोटावरची आज कळली," कानामात्रा म्हणाले. आपला विनोद त्यांना आवडला.

"आमच्याकडे दोरालाही म्हणायचे," शिलाईताई टाचण्या गोळा करता करता बोलून गेली. "उतारावर. खांबाला चार-पाच वेढे जादा ठेवायचे, ती दोराची माया. पाणी चढलं की दोर ताणतो, तुटायला बघतो. तेव्हा माया सोडायची, एकेक वेढा मोकळा करत. मग नाव पाण्याबरोबर वर येते. हात सोलून निघायचे म्हणे. मला वेढे मोजायला शिकवलं होतं."

"कुणी?" कानामात्रांनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

"वडिलांनी," ती म्हणाली आणि चटकन खाली बघायला लागली. काहीतरी वावगं तोंडातून गेल्यासारखा चेहरा झाला तिचा.

"दोराची माया सोडली," कानामात्रा म्हणाले. म्हणाले कसले, शब्द आपले आपणच बाहेर पडले.

"हां. तसंच म्हणायचे."

कोट टेबलावर तसाच टाकून कानामात्रांनी काढता पाय घेतला. मागून शिलाईताई विचारत होती, "बगलेत तुकडा घालून देऊ का भाऊ?" त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नोंदवही वाचनालयाच्या कपाटात होती. कपाटाची एक किल्ली शिपायाकडे आणि एक त्यांच्याकडे असायची. पान शोधावं लागलं नाही. चौदा वर्षांत वही तिथेच उघडायची सवय लागलेली.

"दुपारी तीन. पाणी झपाट्याने चढले. नावाड्याने दोराची माया सोडली. अलीकडचा खांब उपटला. नाव गेली. नऊ मुले गेली."

दोराची. कारकुनाचं अक्षर गोल, टपोरं, शाळेत कित्त्याला लावावं असं. शाई फुटलेली नाही, कागद फाटलेला नाही. आणि 'दोराची'च्या खाली पेन्सिलीची बारीक रेघ, शेजारी समासात 'पोरांची'. ते हस्ताक्षर कुणाचं, हे कानामात्रांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. वाक्य वाचून ते अडखळले होते. दोराची माया? दोर म्हणजे काय लेकरू आहे? कारकुनाचं चित्त थाऱ्यावर नसणार, नऊ मुलं गेलेली, पोरांची लिहायचं ते दोराची लिहून बसला. एक अक्षर, एक टिंब. छापखान्यात अशा चुका ते दिवसाला पन्नास धरायचे. धरली, सुधारली, पुढे गेले. तळटीप कशाची घालायची? चूक सुधारल्याची कुणी तळटीप घालतं का? उलट आपली नजर अजून शाबूत आहे म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं होतं. आणि उडी? उडी तर वहीत कुठेच नव्हती. ती कानामात्रांनी स्वतःच मारली होती, कागदावर.

म्हणजे त्या माणसाने जे करायला हवं होतं तेच केलं होतं. पाणी चढताना काठावर नुसता उभा राहिला नव्हता. हात सोलवटत एकेक वेढा सोडत होता, नाव वर यावी, पोरं वाचावीत म्हणून. खांबच उपटला आणि दोराबरोबर तोही वाहत गेला, त्याला तो काय करणार? आणि चौदा वर्षं, दर रविवारी, चष्मा पुसत पुसत, आपण त्याला पोटच्या पोराला टाकणारा बाप म्हणून उभा केला.

कानामात्रांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि तरी त्यांच्या हाताने काय करावं? खिशातून खोडरबर काढलं. समासातला 'पोरांची' त्यांनी पुसायला घेतला. 'पो' गेला, 'रां' अर्धा गेला, मग हात थांबला. मनात आलं, अरे, आपण हे काय करतोय! रबर खिशात टाकलं आणि कपाट बंद केलं. कुणी बघितलं नव्हतं, पण वाचनालयाच्या शिपायाला त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला नाही, मान खाली घालूनच निघून गेले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. रबराचं सोडून.

एरवी बायको त्यांना सोडायची नाही. या वेळी एवढंच म्हणाली, "आधी तिच्याकडे जा."

"रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. जाहीर."

"जाहीर मागाहून. आधी तिच्या दुकानात जा, तिला सांगा. चारचौघांत ऐकायला लावू नका."

"जातो गं."

मंगळवारी ते गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मशीनचा आवाज येत होता. काम चालू आहे, कशाला अडवा, म्हणून परत फिरले. बुधवारी आवाज येत नव्हता. जेवत असेल, म्हणून परत फिरले. गुरुवारी हेडबाईंकडे जाऊन फलकावरचं वाक्य काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, तो रंगवून तयार आहे. एका वाक्यासाठी पुन्हा रंगवायचा? वरून पट्टी चिकटवू." कानामात्रांनी मान डोलावली. शुक्रवार-शनिवार त्यांनी कबुलीजबाब लिहिण्यात घालवला. चार मसुदे झाले. स्वल्पविराम नि स्वल्पविराम जागच्या जागी. पाचव्यांदा लिहिताना त्यांना स्वतःचीच किळस आली, पण लिहिलं. शिलाईताईंकडे एका शेजारणीबरोबर चिठ्ठी पाठवली, 'रविवारी कृपया यावे. महत्त्वाचे आहे.' म्हणजे तेही काम दुसऱ्याच्या पायांवर ढकललं.

रविवारी उतारावर पन्नास-साठ माणसं जमली. हेडबाईंनी एका टेबलावर काच ठेवून त्याखाली जुनी छायाचित्रं, नावेची एक कडी, आणि मधोमध ती नोंदवही उघडून मांडली होती. वाचनालयातून शिपायाने परस्पर आणून दिली होती. कानामात्रांना हे आयत्या वेळी दिसलं आणि त्यांचे कान तापले. शिलाईताई मागे एकटीच उभी होती. केस नीट बांधलेले, धुतलेला झगझगीत पदर, हातात कागदी पिशवी. फेरीला ती चौदा वर्षांत पहिल्यांदा आली होती.

कानामात्रांनी कागद काढला आणि वाचला. वाचनात काही कमी नव्हतं. नावाड्याने पोरांना सोडलं नव्हतं, दोर ढिला करत होता, हे सांगितलं. दोराची माया म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नावाड्याचं नाव पहिल्यांदा, पूर्ण, मोठ्याने घेतलं. आणि मग ते वाक्य आलं, जे चारही मसुद्यांत नव्हतं, पाचव्यात होतं.

"वहीतलं अक्षर अस्पष्ट असल्यामुळे माझ्याकडून वाचण्यात चूक झाली. मी त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो."

टाळ्या पडल्या. नुसत्या पडल्या नाहीत, कडाडल्या. हेडबाई म्हणाल्या, "ह्या वयात चूक कबूल करायला काळीज लागतं." कुणीतरी पाठ थोपटली. एक सहलीचा मास्तर मुलांना सांगू लागला, बघा, मोठी माणसं अशी असतात. कानामात्रा टाळ्या घेत उभे राहिले आणि प्रत्येक टाळीगणिक त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत गेलं. तरी ते हसले. ओठ आपसूक हसले.

गर्दी चहाकडे वळली, आणि शिलाईताई टेबलाकडे. ती वाकली. बोट काचेवरून सरकवत एकेक शब्द वाचत गेली. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे वेळ लागला. कानामात्रा तीन पावलांवर उभे होते.

"भाऊ," ती मान वर न करता म्हणाली, "हे तर स्वच्छ आहे."

"हो."

"मला सुद्धा वाचता आलं."

"हो ताई."

"हे बाजूला पेन्सिलीने कुणी लिहिलंय?"

"मी."

"आणि पुसलंय कुणी?"

"मीच. सोमवारी."

शिलाईताई सरळ उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मग त्यांना सांगा ना," ती चहाकडच्या माणसांकडे बघत म्हणाली. "अक्षर स्वच्छ होतं म्हणून सांगा. नाहीतर लोक म्हणतील, कारकुनाचंच चुकलं."

कानामात्रा वळले. हातात कागद नव्हता. त्यांनी दोनदा खाकरल्यावर माणसं गप्प झाली, काहीजण अजून हसत होते.

"एक राहिलं," ते म्हणाले. "अक्षर अस्पष्ट नव्हतं. चांगलं स्वच्छ होतं. दोराचीच लिहिलं होतं. मला अर्थ लागला नाही, तर कुणाला विचारायचं सोडून मी शब्द बदलला. उडीही मीच घातली. आणि ह्या सोमवारी मी ते पुसायला बघत होतो."

हेडबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. मास्तरांनी मुलांना पुढे चला म्हटलं. कुणी कुणाकडे बघेना. मग एकेक करून माणसं गावाकडे निघाली, आणि जाताना कानामात्रांच्या बाजूने कुणी गेलं नाही.

शिलाईताई मात्र थांबली होती. ते तिच्याजवळ गेले.

"ताई, पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो. जुन्या प्रती परत मागवतो. फलकही बदलून..."

"काढा," ती म्हणाली. "पुस्तक आलं तेव्हा आई होती माझी. ठाऊक आहे ना?"

त्यांना ठाऊक होतं. वाकलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी. पुस्तकासाठी सगळ्या म्हाताऱ्यांना ते भेटले होते, तिच्याकडे तेवढे गेले नव्हते. तिला त्रास नको म्हणून.

"तिला वाचता येत नव्हतं," शिलाईताई सांगू लागली. आवाज अगदी साधा, गिऱ्हाईकाला माप सांगावं तसा. "लोक काहीबाही बोलायला लागले तेव्हा मला म्हणाली, ते पान वाचून दाखव. मी म्हटलं, नको. म्हणाली, वाच. मी वाचलं. भाऊ, माझे वडील त्या दिवसानंतर तीस वर्षं जगले, पण नदीचं नाव काढलं नाही त्यांनी. विचारलं तर उठून जायचे. आई म्हणायची, पोराचं दुःख आहे, बोलायला लावू नका. तीस वर्षं तिने आम्हाला बोलू दिलं नाही. आणि मी पान वाचल्यावर म्हणाली, असं होय. म्हणून गप्प होता होय."

ती थांबली. पदराची कड बोटाने उगाच सरळ करत राहिली.

"त्यानंतर दोन वर्षं होती. त्यांचं नाव तिने घेतलं नाही. मरताना म्हणाली, मला त्याच्याशेजारी माती देऊ नका. मी नाही दिली."

कानामात्रांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरला.

"तुम्ही लिहिलंत," शिलाईताई म्हणाली, "पण तिने वाचलं नाही ना ते. तिने माझ्या तोंडून ऐकलं. मी वाचलं म्हणून तिला खरं वाटलं."

कोट तिने पिशवीत घालून आणला होता. तो त्यांच्या हातात दिला, म्हणाली, बगलेत तुकडा घातलाय, बसेल आता. आणि गल्लीच्या दिशेने निघून गेली.